कढई नसलेलं घर

लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आले त्याला आता सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात कधी काही तळलं गेलं नव्हतं. पापड मी जाळावर भाजायचे, वडे आप्पेपात्रात करायचे, दिवाळीची चकली-शेव गल्लीतल्या एका बाईंकडून करून आणायचे. नवऱ्याला सांगितलं होतं की तळणाच्या वासानं मला पित्त होतं. मुलीला सांगायचे, तेलकट खाऊन तोंडावर पुटकुळ्या येतात. दोघांनीही कधी उलटून विचारलं नाही. घरात कढई नाही, ही गोष्ट पाहुण्यांना खटकायची, आम्हाला नाही.

मुलगी नववीत आहे. गेल्या डिसेंबरात एका गुरुवारी ती शाळेतून आली ती दारातूनच ओरडत.

"मम्मी, आनंद मेळ्यात आमचा स्टॉल लागतोय! केजन लोडेड चीज फ्राइज!"

"कसले?"

"केजन. अमेरिकेतला तिखट मसाला असतो. बटाट्याचे फ्राइज, त्यावर तो मसाला, वरून चीजचा सॉस, कांदा, शिमला मिरची, सब कुछ. बाकी सगळे पाणीपुरी आणि भेळच लावणार आहेत. आमचा एकदम हटके."

मी भाजी निवडत होते. हात न थांबवता विचारलं, "तळणार कोण?"

"मी. माझ्याबरोबरच्या दोघी मैत्रिणी सॉस आणि प्लेटा बघतील. आणि ज्या स्टॉलवर गॅस असेल तिथं एक पालक पाहिजे, असा रूल आहे. मी तुझं नाव लिहून दिलं."

मी मान वर केली. ती आनंदानं माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं होतं, मम्मी खूश होईल.

"मला विचारलं का नाहीस?"

"त्यात काय विचारायचं? नुसतं उभं तर राहायचंय."

त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस मी नाना वाटा काढून पाहिल्या. ओव्हनमध्ये करू, म्हटलं. शुक्रवारी करूनही पाहिले. एका बाजूनं वाळलेले, दुसऱ्या बाजूनं मऊ, असे ते काहीतरी झाले. तिनं एक खाल्ला आणि ताटली माझ्याकडे सरकवली. पप्पांना सांगते माझ्याऐवजी उभं राहायला, म्हटलं. त्यांना त्या दिवशी खंडव्याला कामासाठी जायचं होतं. स्टॉल बदलून घ्या, म्हटलं. तेव्हा ती रडायलाच लागली. "तुला माझी कुठलीच गोष्ट आवडत नाही," म्हणाली. मला आवडत नव्हतं ते वेगळंच होतं, आणि ते सांगता येत नव्हतं.

शेवटी शनिवारी तीच म्हणाली, "ठीक आहे, नको येऊस. मी एकटी करते. टीचरला सांगते, मम्मी येऊन गेली."

शाळेच्या मैदानावर, शंभर पोरांच्या धक्काबुक्कीत, टेबलावर ठेवलेली तापलेली कढई आणि तिच्यासमोर ही चौदा वर्षांची मुलगी, जिनं आयुष्यात कधी पुरीसुद्धा तळलेली नाही. हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. मी म्हटलं, "उद्या घरी करून बघ. माझ्यासमोर."

आता ते कारण सांगायला हवं.

माझं माहेर इथून जवळच, निंबोल्याचं. मी अकरा वर्षांची होते, धाकटा भाऊ पाच वर्षांचा. आखाजीचा आदला दिवस होता. आमच्याकडे आखाजी म्हणजे माहेरवाशिणींचा सण, गावात झाडाझाडाला झोके बांधलेले. आई सकाळपासून चुलीपुढं बसून कुरडया तळत होती. शेवटचा घाणा काढून तिनं कढई उतरवली, चुलीशेजारी जमिनीवर ठेवली आणि मागच्या दारी सरपण आत घ्यायला गेली. जाताना मला म्हणाली, "भावाकडं ध्यान ठेव."

बाहेर निंबाच्या झोक्यावर पोरी गाणं म्हणत होत्या. माझा नंबर यायचा होता. मी उंबऱ्यापर्यंत गेले. तिथून बघत उभी राहिले. किती वेळ, ते मला आजही सांगता येणार नाही. मागून भावाची किंकाळी आली.

तेल त्याच्या डाव्या पायावर सांडलं होतं, गुडघ्यापासून खाली. एका ओळखीच्याच्या जीपमधून त्याला बुऱ्हाणपूरला दवाखान्यात आणलं. दीड महिना तो तिथं होता. मी घरी आजोबांजवळ. आई अधूनमधून कपडे न्यायला यायची, माझी वेणी घालायची, परत जायची. मला कुणी एक शब्द बोललं नाही. मारलं नाही, रागावलं नाही. मी वाट बघायचे, आज रागावतील, उद्या रागावतील. ते कधी झालंच नाही. भाऊ घरी आला तेव्हा त्याचा पाय बांधलेला होता आणि तो मला हाक मारत होता. मी गोठ्यात जाऊन बसले.

तेव्हापासून मी तळणाच्या कढईजवळ उभी राहिले नाही. माहेरी ते सहज निभावलं, आई मला चुलीपुढं बसवायचीच नाही. सासरी पित्ताचं निमित्त कामी आलं. भावाच्या पायाकडे मी कधी नीट बघितलं नाही. आमचं भांडण नव्हतं. राखीला तो येतो, भाऊबीजेला मी जाते. पण आमच्यात बोलणं म्हणजे पाऊसपाणी, केळीचा भाव, मुलांचे मार्क, एवढंच. त्यानं पाच-सहा वर्षांपूर्वी घरामागं शेड घालून केळीचे वेफर्स करायला सुरुवात केली. त्याची बायको आणि तो मोठ्या कढईवर तळतात, असं ऐकून होते. त्या शेडमध्ये मी आजवर पाऊल टाकलं नव्हतं.

रविवारी दुपारी बारा वाजता मुलगी शेजारच्या काकूंकडून लोखंडी कढई घेऊन आली. तिनं सगळी तयारी ओट्यावर मांडली होती. मसाला घरीच केला होता: काश्मिरी लाल तिखट, लसणाची आणि कांद्याची पूड, मिरे, मीठ, थोडी साखर, आणि फ्रिजच्या दारात साठलेल्या पिझ्झाच्या पुड्यांमधला ओरेगॅनो. वास खरंच छान येत होता. बटाटे लांब लांब कापून थंड पाण्यात ठेवले, मग मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात जरा उकडले. मोबाइलवर बघून बघून ती एकेक गोष्ट करत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हातात पाण्याचा तांब्या होता. कशासाठी घेतला, ते मला आठवत नाही. 

तेवढ्यात बेल वाजली. तांब्या ओट्याच्या कडेला टेकवून मी दार उघडलं. दारात भाऊ. हातात केळीची फणी आणि वेफर्सची पिशवी.

"बोअरची मोटार जळली," तो म्हणाला. "कॉइल नव्यानं बांधायला टाकलीय इथं मेकॅनिककडं. चार वाजेपर्यंत देतो म्हणतो तो. म्हटलं ताईकडं बसू." मग नाक वर करून वास घेतला. "काय चाललंय वं?"

"मामा, केजन फ्राइज!" आतून मुलगी ओरडली.

"कायजन?" तो हसला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला.

मला त्या क्षणी त्याला बाहेर काढायचं होतं. तू बाहेर बस, चहा देते, असं म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. पण तो एव्हाना खुर्ची ओढून बसला होता, शेगडीपासून चार हातांवर. कढईत तेल ओतलेलं होतं. मुलीनं गॅस पेटवला.

तेल तापायला लागतं तेव्हा आधी काहीच दिसत नाही. मग तळाशी बारीक लाटा दिसतात. मला त्या दारातून दिसत होत्या. मुलगी एका बाजूला बडबडत होती, मामाला सांगत होती की दोनदा तळायचे, एकदा मध्यम आचेवर आणि मग एकदा कडक तेलात. मामा "हो का" म्हणत होता.  डोक्यात एकच, की याला इथं का बसू दिलं.

"मम्मी, इकडे ये ना, व्हिडिओ काढ."

"इथूनच काढते."

तिनं चाळणीतले बटाटे उचलले. चाळणीखालून पाणी गळत होतं. मला ते दिसलं. काहीतरी चूक होतंय एवढं जाणवलं, पण काय ते कळलं नाही, कारण मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. भाऊ खुर्चीतून अर्धा उठला. "अगं, पुसून घे, ओले—" तो म्हणतोय तोवर तिनं अख्खी चाळणी तेलात रिकामी केली होती.

चर्र आवाज झाला आणि कढईतून पांढरा फेस वर चढायला लागला. उतू जाणाऱ्या दुधासारखा. काठापर्यंत आला, काठावरून खाली गेला. बर्नरवर तेल पडलं आणि कढईच्या बाजूनं जाळ वर आला, हातभर उंच. मुलगी किंचाळली.

मी पुढं गेले. इतकी वर्षं मला वाटायचं की अशी वेळ आली तर मी पळून जाईन. मी पळाले नाही. मी धावत शेगडीकडे गेले, तांब्या उचलला आणि पाणी फेकायला हात मागं घेतला.

"ताई, पाणी नको!"

भावानं माझं मनगट पकडलं. इतकं जोरात की तांब्या खाली पडला आणि पाणी फरशीवर पसरलं. दुसऱ्या हातानं त्यानं मुलीला मागं ढकललं. गॅसच्या बटणापुढं जाळ होता, म्हणून खाली वाकून त्यानं ओट्याखालच्या सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला. मग रॅकमधली पितळी परात ओढली, तिरपी धरून आणली आणि कढईवर सरकवली. जाळ परातीखाली गेला. शेगडीवर सांडलेलं तेल थोडा वेळ जळत राहिलं. त्यावर त्यानं मिठाची बरणी उपडी केली. मग तेही विझलं.

हे सगळं कदाचित अर्ध्या मिनिटात झालं असेल. त्याचा श्वाससुद्धा वाढला नव्हता.

"परात उचलू नका," तो म्हणाला. "गार होऊ दे."

मुलीच्या हातावर दोन थेंब उडाले होते. तिचा हात नळाखाली धरून मी उभी राहिले. ती मुसमुसत होती आणि मी तिचा हात पाण्याखालून काढू देत नव्हते. 

"मम्मी, मला काही नाही झालं. सोड ना हात."

मी सोडला नाही. भाऊ फरशी पुसत होता. पुसता पुसताच म्हणाला, "पाणी टाकलं असतं ना ताई, तर तेल उडून तिघांवर आलं असतं. आपल्या शेडवर कामाला येणाऱ्या बायांना पहिल्याच दिवशी हेच सांगतो."

म्हणजे मीच टाकणार होते. पुन्हा मीच. मी खाली फरशीवर बसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी तेव्हा दारात गेले नसते तर तुझा पाय..."

 मुलगी आमच्या दोघांकडे बघत राहिली. तिला मामाचा पाय भाजलेला आहे एवढंच माहीत होतं. कसा, ते नाही.

भावानं फडका पिळला, सिंकच्या कडेला टाकला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"तू कुठं गेली होतीस दारात?"

"झोका बघायला. आईनं मला लक्ष ठेवायला सांगितलं होतं."

"मले हे माहीतच नाही," तो म्हणाला. "मले तेलाचं काहीच आठवत नाही ताई. पाच वर्षांचा होतो मी. दवाखान्यातला पंखा आठवतो. आणि घरी आलो तर तू माझ्याशी खेळायची बंद झालीस, ते आठवतं. मी आईला विचारायचो, ताई माझ्यावर रागावली का? माझा पाय घाण दिसतो म्हणून का?"

 एकतीस वर्षं मला एकच बाजू माहीत होती.

"आई काय म्हणायची?" मी विचारलं.

"आई रडायची. म्हणायची, माझ्यामुळं झालं. गरम कढई मी खाली ठेवली, मीच ठेवली. शेवटच्या आजारपणातही तेच म्हणत होती. तुझं नाव तिनं कधी घेतलं नाही. तू दारात गेलीस हे तरी तिला माहीत होतं की नाही, देव जाणे."

आई जाऊन तीन वर्षं झाली. आता विचारायला कुणी नाही. ती मला रागावली नाही ते तिनं मला माफ केलं होतं म्हणून, की तिला रागवायला तोंडच नव्हतं म्हणून, हे मला कळणार नाही. वेणी घालताना तिचा हात डोक्यावर जरा जास्त वेळ थांबायचा, ते आठवलं. त्याचा अर्थ मी आपला मनानं लावून ठेवला होता.

 मग मुलगी हळूच म्हणाली, "सोमवारी टीचरला सांगते, स्टॉल कॅन्सल."

"नाही," मी म्हटलं. आवाज माझा मलाच परका वाटला. "परत कर. मामा शिकवील."

भावानं मान डोलावली. नवे बटाटे सोलले. पुन्हा कापले, पुन्हा उकडले. या वेळी माझी जुनी सुती साडी फाडून तिच्या तुकड्यावर ते पसरले आणि मी स्वतः एकेक दाबून पुसला. काम हातात होतं म्हणून बरं झालं. भाऊ मुलीला सांगत होता: कढई अर्ध्याच्या खाली भरायची. मूठभरच सोडायचे, कडेनं, हात तेलाच्या जवळ नेऊन. वरून टाकलं की उडतं. झाकण शेजारीच ठेवायचं. कढईचा कान कधी बाहेरच्या बाजूला ठेवायचा नाही. आणि तेल तापत असताना तिथून हलायचं नाही, कुणी हाक मारली तरी नाही. हे शेवटचं तो सहज बोलून गेला. माझ्याकडे बघून बोलला नाही.

त्यानं गार झालेली परात उचलली, आतले बटाटे टाकून दिले, तेल गाळून घेतलं. शेगडी पुसून गॅस पुन्हा लावला. मी या वेळी दारात नव्हते. मुलीच्या मागं, हातभर अंतरावर उभी होते. तिनं पहिली मूठ सोडली. मी डोळे मिटले. फक्त बारीक तडतड ऐकू आली, पत्र्यावर पावसाची भुरभुर व्हावी तेवढीच.

"बघ ना मम्मी," ती म्हणाली.

मी बघितलं. बटाटे तेलात निवांत फिरत होते. दुसऱ्या वेळच्या तळणाला त्यांचा रंग बदलला, झाऱ्यावर कुरकुर वाजायला लागले. तिनं ते ताटात घेऊन गरम असतानाच मसाला भुरभुरला आणि ताट हलवलं. दुसऱ्या बर्नरवर मी सॉस केला. लोण्यावर मैदा परतला, दूध घातलं, गुठळ्या मोडल्या आणि चीज किसून टाकलं. हे मला येत होतं. वरून कांदा, शिमला मिरची, मक्याचे दाणे आणि भावाच्या हट्टानं हिरव्या मिरचीचे चार तुकडे. त्यानं पहिला घास घेतला, चीजची तार हनुवटीपर्यंत आली.

"तिखट कमी आहे," तो म्हणाला आणि दोन ताटल्या संपवल्या.

चार वाजता मोटारवाल्याचा फोन आला. मी भावाला सोडायला खाली गेले. त्यानं मोटारसायकलला किक मारली. मी विचारलं, "पाय दुखतो का रे अजून?"

त्यानं गाडी बंद केली. जरा विचार केला. "थंडीत ओढल्यासारखं होतं. केळीत पाणी देताना फार वेळ ओल्यात उभा राहिलो की खाजतं."

"औषध?"

"खोबरेल लावते ती." मग पॅन्टचा पाय थोडा वर करून दाखवला. कातडी जागोजागी गुलाबी, जागोजागी गव्हाळ, सुरकुतलेली. मी बघितली. हात लावून बघितली. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, त्यातल्या बाया आमच्याकडे वळून बघत होत्या.

"ये एकदा शेडवर," तो म्हणाला आणि गेला.

मेळा पुढच्या शनिवारी झाला. मी गेले. आमच्या स्टॉलवर मोठी गर्दी होती, पोरं टेबलावर रेलत होती. मुलगी दर दोन मिनिटांनी ओरडत होती, "पीछे हटो, तेल गरम आहे!" तिच्या मैत्रिणीनं ओले बटाटे पुढं केले तर तिनं तिला सगळ्यांसमोर झापलं. मी कढईच्या बाजूला उभी होते, परात हाताशी घेऊन.  दोनदा मुख्याध्यापिका हाक मारून गेल्या, इकडे या, फोटो काढू. मी जागची हलले नाही.

दोन वाजता बटाटे संपले. मुलीनं गॅस बंद केला, रेग्युलेटर फिरवला आणि माझ्याकडे बघून हात वर केले. सकाळपासून मी घोटभर पाणीही प्यायले नव्हते, ते तेव्हा लक्षात आलं. तळाशी उरलेले सात-आठ फ्राइज तिनं कागदाच्या वाटीत घालून माझ्या हातात दिले. ते गार झाले होते, सॉस घट्ट झाला होता, मसाला सगळा खाली बसल्यामुळे फारच तिखट झाले होते. मी उभ्यानंच सगळे खाल्ले.